जनुक सापडलं म्हणजे कारण सापडलं का? मेन कून मांजरांच्या हृदयविकारावरचा एक पेपर वाचताना



सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाला गाइडकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "आधी पेपर वाचा." वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र बहुतेक वेळा गुलदस्त्यातच राहतं. मग आपण काय करतो? ॲबस्ट्रॅक्ट वाचतो, शेवटचा परिच्छेद चाळतो आणि लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एक ओळ टाकून मोकळे होतो: अमुक यांनी अमुक साली तमुक सिद्ध केलं. या 'सिद्ध केलं'चीच आज झडती घ्यायची आहे.

त्यासाठी निवडलेला पेपर मांजरांवरचा आहे. कॅथरिन म्युर्स आणि सहकाऱ्यांनी तो २००५ साली 'ह्यूमन मॉलिक्युलर जेनेटिक्स' या जर्नलमध्ये छापला. मेन कून जातीच्या मांजरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या एका हृदयविकाराचं कारण असलेलं म्युटेशन सापडलं, असा त्यांचा दावा होता. आता मांजरांचा पेपर माणसांच्या जर्नलमध्ये कसा, आणि नाशिकमध्ये बसून आपण तो कशाला वाचायचा? दोन्हींचं उत्तर एकच आहे. त्यात सापडलेलं जनुक माणसातही आहे, आणि चार वर्षांनी हेच जनुक भारतीयांच्या हृदयाबद्दल गाजलं. तिकडे आपण येणारच आहोत. आधी मांजर.

आजार काय आहे

आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, थोडक्यात एचसीएम. हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड होत जाते. रक्तदाब किंवा थायरॉइडसारखं दुसरं कारण नसताना ती जाड झाली असेल तरच त्याला एचसीएम म्हणायचं. जाड भिंत ताठ होते, नीट सैल पडत नाही, त्यामुळे रक्त पुरेसं भरत नाही. वरच्या डाव्या कप्प्यावर ताण येतो, तो फुगतो, आणि तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते. ही गुठळी वाहत जाऊन मागच्या पायांकडे जाणाऱ्या धमनीत अडकली, तर मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे पडतात आणि ते वेदनेने ओरडत राहतं. काही मांजरं कोणतंही लक्षण न दाखवता अचानक मरतात. घरच्यांना वाटतं, काल तर उड्या मारत होतं!

स्टेथोस्कोपवर फार विसंबता येत नाही. आजारी मांजराच्या हृदयात आवाज नसू शकतो आणि निरोगी मांजराच्या हृदयात असू शकतो. निदान होतं ते इकोवर. भिंत साधारण ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल, तर एचसीएमचा विचार करतात.

आणखी एक गोष्ट. लंडनमधल्या निवारा केंद्रांतल्या १००० हून अधिक, वरवर निरोगी दिसणाऱ्या मांजरांची तपासणी करणारा अभ्यास २०१५ साली आला. त्यात सुमारे १५ टक्के मांजरांना एचसीएम निघाला, आणि यातली बहुतेक साधी मिश्र जातीची होती. म्हणजे हा फक्त जातिवंत मांजरांचा आजार नाही. जातिवंत मांजरांची वंशावळ लिहून ठेवलेली असते, म्हणून तिथे तो आईबापांकडून पिल्लांकडे जाताना डोळ्यांना दिसतो. संशोधकाला हवं असतं ते हेच.

पेपरचा युक्तिवाद

पायाभरणी आधीच झाली होती. मार्क किटलसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली 'सर्क्युलेशन' या जर्नलमध्ये मेन कून मांजरांच्या एका वसाहतीचा अभ्यास छापला होता. निष्कर्ष असा, की आजार प्रभावी पद्धतीने वारशाने जातो, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत पुरते, आणि ज्याच्याकडे ती आहे त्या प्रत्येकाला आजार होतो. या दुसऱ्या गोष्टीला पूर्ण पेनिट्रन्स म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा.

२००५च्या पेपरने पुढची पायरी चढली. माणसात एचसीएमशी जोडलेली अनेक जनुकं तेव्हा माहीत होती. म्युर्स यांच्या गटाने आजारी मांजरांच्या हृदयस्नायूत मायोसिन बाइंडिंग प्रोटीन सी हे प्रथिन निरोगी मांजरांपेक्षा कमी असल्याचं दाखवलं. म्हणून या प्रथिनाचं जनुक, एमवायबीपीसी-३, संशयित ठरवलं. त्याचं सीक्वेन्सिंग केलं, आणि आजारी मांजरांत एका अक्षराचा बदल सापडला: जी च्या जागी सी. त्यामुळे प्रथिनातल्या ३१व्या जागी ॲलॅनिनऐवजी प्रोलिन बसतं. म्हणून याला ए३१पी म्हणतात. ही जागा वेगवेगळ्या प्राण्यांत न बदलता टिकून आहे, बदलामुळे प्रथिनाची घडी बिघडेल असं संगणकाने दाखवलं, आणि स्नायूतल्या सार्कोमिअरची रचनाही विस्कटलेली दिसली. यावरून निष्कर्ष: कारणीभूत म्युटेशन सापडलं. माणूस सोडून इतर प्राण्यात नैसर्गिकरीत्या आलेलं, एचसीएम घडवणारं हे पहिलंच म्युटेशन.

वाचताना मान डोलावी अशी साखळी आहे. पण समीक्षकाचं काम साखळीतली प्रत्येक कडी वेगळी धरून ओढून बघायचं.

कुठे थांबून विचारायचं

पहिली कडी. लेखकांनी सगळा जीनोम तपासला नाही, एक संशयित निवडून त्याच्याच घराची झडती घेतली. तिथे वस्तू सापडली हे खरं. शेजारच्या घरांत काय होतं, हे या पद्धतीतून कळायला मार्ग नाही. २००५ साली मांजराचा संपूर्ण जीनोम हाताशी नव्हता, त्यामुळे पद्धत निवडली म्हणून दोष देता येणार नाही. पण पद्धतीची मर्यादा निष्कर्षाच्या शब्दात उतरायला हवी होती, ती उतरली नाही.

दुसरी कडी जास्त रंजक आहे. संशय आला कशावरून? तर प्रथिन कमी आढळलं म्हणून. २०१६ साली दुसऱ्या एका गटाने हाच प्रश्न पुन्हा तपासला आणि त्यांना आढळलं, की ए३१पीमुळे प्रथिनाचा आकार बदलतो, पण त्याचं एकूण प्रमाण घटत नाही. म्हणजे ज्या पुराव्याने या जनुकाकडे बोट दाखवलं, तो पुरावाच नंतर टिकला नाही. जनुक मात्र बरोबर निघालं! परीक्षेत उत्तर बरोबर आणि रीत डळमळीत, असं आपण पाहतो ना, तसंच काहीसं.

यातून आणखी एक फाटा फुटतो. पेपरमध्ये मांजर हे मानवी आजाराचं मॉडेल म्हणून मांडलं आहे. पण माणसात या जनुकातली बहुतेक रोगकारक म्युटेशन्स प्रथिन अर्ध्यातच तोडणारी असतात, आणि त्यामुळे प्रथिन कमी पडतं. ए३१पीत ते कमी पडत नसेल, तर मांजराचा आणि माणसाचा आजार वेगळ्या रस्त्याने जाड भिंतीपर्यंत पोचतो. मग मॉडेल निरुपयोगी का? तसंही नाही. हृदयस्नायूचं अति आकुंचन कमी करणारं मावाकॅम्टेन हे औषध माणसांसाठी अमेरिकेत २०२२ साली मंजूर झालं. त्याआधी २०१६ साली ते एचसीएम असलेल्या मोजक्या मांजरांवर वापरून पाहिलं होतं, आणि रक्त बाहेर पडण्याच्या वाटेतला अडथळा त्याने कमी झाला होता. मॉडेल एका प्रश्नासाठी चांगलं आणि दुसऱ्यासाठी कमकुवत असू शकतं. सिनॉप्सिसमध्ये 'मॉडेल म्हणून वापरणार' असं लिहाल, तेव्हा कोणत्या प्रश्नासाठी तेही लिहा.

तिसरी कडी म्हणजे सॅम्पल. वसाहतीतली मांजरं एकमेकांची नातेवाईक असतात. त्यांच्यात ए३१पीसोबत इतरही शेकडो बदल सामाईक असणार. पूर्ण पेनिट्रन्स हा निष्कर्ष त्या कुळापुरता खरा असेल, पण जगभरच्या मेन कूनना तो लागू होतो का? हे बाहेर जाऊन मोजल्याशिवाय कळत नाही.

बाहेर जाऊन मोजलं तेव्हा

पेपरनंतर डीएनए चाचणी लगेच बाजारात आली. गालातून स्वॅब घ्या, पाठवा, रिपोर्ट घ्या. २००८ साली छापलेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ३४ टक्के मेन कून मांजरांकडे ए३१पी निघालं. एक तृतीयांश! पूर्ण पेनिट्रन्स खरा असता, तर दर तिसरं मेन कून हृदयविकाराने आजारी दिसायला हवं होतं.

याच जनुकातल्या ए७४टी नावाच्या दुसऱ्या बदलाचीही चाचणी विकली गेली. जर्मनीतल्या गेरहार्ड वेस यांच्या गटाने २०१० साली इकोवर तपासलेल्या मांजरांमध्ये ताळा घेतला, तेव्हा ए७४टीचा आजाराशी संबंध दिसला नाही. ए३१पीचाही त्यांच्या सॅम्पलमध्ये ठळक संबंध लागला नाही. २०११च्या डॅनिश अभ्यासाने आणि २०१३च्या आणखी एका अभ्यासाने चित्र स्पष्ट केलं. ए३१पीच्या दोन्ही प्रती असलेल्या मांजरांना धोका खरोखरच खूप जास्त असतो. एकच प्रत असलेली बहुतेक मांजरं, निदान तरुण वयात तरी, निरोगी राहतात. आणि एकही प्रत नसलेल्या मेन कूनलाही एचसीएम होतो. ए७४टी मात्र निर्दोष सुटला.

याचा परिणाम कागदावर राहत नाही. पेपरमधला 'कारणीभूत' हा शब्द जसाच्या तसा घेऊन एखाद्या ब्रीडरने एक प्रत असलेलं प्रत्येक मांजर प्रजननातून काढलं, तर एक तृतीयांश वंश एका झटक्यात बाद. उरलेल्या थोड्या मांजरांतच जोड्या लागणार, रक्ताची नाती आणखी जवळ येणार, आणि आज दबलेला दुसरा एखादा दोष वर येणार. म्हणून सल्ला बदलला: दोन प्रती असलेल्यांची पैदास करू नका, एक प्रत असलेल्या चांगल्या मांजराला निर्दोष जोडीदार द्या, आणि रिपोर्ट काहीही येवो, इको करत राहा.

आपल्याकडे जातिवंत मांजर म्हटलं, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पर्शियन येतं. पर्शियनलाही एचसीएम होतो, पण ए३१पी हा मुख्यतः मेन कूनचा बदल आहे. रॅगडॉल जातीत २००७ साली सापडलेला बदल याच जनुकात, पण वेगळ्या जागी आहे. त्यामुळे पर्शियनच्या रिपोर्टवर 'ए३१पी निगेटिव्ह' असं आलं, तर त्यातून त्याच्या हृदयाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. निगेटिव्ह या शब्दाने जीव भांड्यात पडतो, आणि धोका तिथेच असतो.

आता हेच जनुक, आपल्या देशात

२००९ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये पेरुंदुराई धंडपाणी, कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. हैदराबादची सीसीएमबी ही संस्था या कामाच्या केंद्रस्थानी होती. एमवायबीपीसी-३ जनुकात २५ अक्षरं गाळलेला एक बदल, ज्याला डेल्टा-२५ म्हणू, हृदयस्नायूच्या आजारांशी आणि हार्ट फेल्युअरशी जोडलेला आहे, असं त्यांनी दाखवलं. रुग्णांत तो असण्याची शक्यता निरोगी लोकांच्या तुलनेत, ऑड्स रेशोच्या भाषेत, सुमारे ७ पट. आणि भारतीय उपखंडातल्या लोकसंख्येत त्याचं प्रमाण सुमारे ४ टक्के!

हा आकडा कागदावर छोटा दिसतो. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे ६१ लाख होती. उपखंडाची सरासरी इथे ढोबळपणे लावली, तर जवळपास अडीच लाख लोक. सिन्नरपासून सुरगाण्यापर्यंत इतक्या लोकांना 'तुमच्या हृदयाचं जनुक सदोष आहे' असं सांगायचं का?

इथे कॅल्क्युलेटरही न लागणारं गणित करू. एचसीएम माणसात साधारण ५०० मध्ये एकाला असतो असं मानतात. एक लाख लोक घ्या. त्यात ४ टक्के, म्हणजे ४००० जणांकडे डेल्टा-२५. एचसीएमचे रुग्ण २००. समजा हे सगळेच्या सगळे २०० रुग्ण डेल्टा-२५वाले निघाले, तरी ३८०० जणांकडे बदल आहे आणि एचसीएम नाही. पेपर हार्ट फेल्युअरबद्दलही बोलतो, त्यामुळे आकडे हलतील, पण मुद्दा हलत नाही. बदल इतका सर्रास आणि आजार इतका विरळ असेल, तर तो बदल एकटा कारण असणं कठीण.

मग ७ पट कुठून आलं? दोन शक्यता तपासाव्या लागतात.

एक, कंट्रोल ग्रुप. आपल्याकडे लग्नं पिढ्यान्‌पिढ्या जातीतच होत आली. त्यामुळे कोणता बदल कोणत्या समाजात किती, हे खूप वेगवेगळं असतं. थंगराज ज्यात सहभागी होते अशाच २०१७च्या एका अभ्यासाने दाखवलं, की दक्षिण आशियातल्या कित्येक समाजांवर मोजक्या पूर्वजांचा ठसा फार खोल आहे. रुग्ण एका समाजातले आणि कंट्रोल दुसऱ्या समाजातले आले, तर आजाराशी संबंध नसलेला बदलही दोषी दिसू शकतो. मेन कून रुग्णांची तुलना रस्त्यावरच्या मांजरांशी केल्यासारखंच हे.

दोन, सोबती. हे समजायला पंचवटी एक्सप्रेस घ्या. एका डब्यात एक पासधारक काका रोज प्रवास करतात. एक खिसेकापू अधूनमधून चढतो, पण चढला की नेमका त्याच डब्यात. महिनाभर चोऱ्यांची नोंद ठेवली, तर बहुतेक चोऱ्यांच्या वेळी काका हजर! संबंध खरा, आकडा खरा, आणि काका निरपराध. खरं शोधायचं तर ज्या दिवशी काका होते पण खिसेकापू नव्हता, ते दिवस वेगळे काढायचे.

संशोधकांनी अगदी हेच केलं. २०१८ साली अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या अभ्यासात दिसलं, की डेल्टा-२५ असलेल्यांपैकी काहींकडे डी३८९व्ही हा आणखी एक बदल असतो आणि हृदयाच्या कामातला फरक त्या उपगटात दिसतो. २०२० साली ऑक्सफर्डच्या पुढाकाराने झालेल्या फेरतपासणीत खिसेकापू हाती लागला. डेल्टा-२५सोबत कधीकधी त्याच गुणसूत्रावर एक दुर्मिळ बदल असतो, जो जनुकाच्या जुळणीतच गडबड करतो. एचसीएमचा जास्तीचा धोका जवळजवळ सगळा त्याचा. तो बाजूला काढला, तर नुसता डेल्टा-२५ एचसीएमचं कारण म्हणून उभा राहत नाही.

विचार करा, मधल्या अकरा वर्षांत डेल्टा-२५ आहे असा रिपोर्ट हातात पडलेल्या माणसाचं काय झालं असेल? आणि ज्याच्याकडे तो दुर्मिळ बदल होता, त्याच्या घरच्यांना नेमकं काय तपासायचं हे कोणी सांगितलं असेल?

दोन्ही पेपर शेजारी ठेवले तर

आता माझं मत. २००५चा पेपर 'कारणीभूत' म्हणतो. २००९चा पेपर ॲबस्ट्रॅक्टमध्ये 'निगडित' आणि 'धोका' असे सावध शब्द वापरतो, मात्र शेवटी धोक्यातले लोक ओळखून समुपदेशन करायला मदत होईल असंही म्हणतो. गंमत बघा: धाडसी शब्दवाला पेपर बऱ्याच अंशी टिकला, दोन प्रती असण्याच्या अटीवर. सावध शब्दवाल्या पेपरमधला आरोपी बदलला. म्हणजे पेपर किती ठाम बोलतो किंवा किती नम्रपणे बोलतो, यावरून पुरावा किती भक्कम हे ठरत नाही. ते ठरलं वेगळ्या सॅम्पलवर, वेगळ्या लोकांनी, पुन्हा मोजल्यावर.

हे दोन्ही पेपर वाईट नाहीत. दोघांनी पुढच्यांना तपासता येईल इतका नेमका दावा केला, म्हणूनच त्यांची तपासणी होऊ शकली. माझा आक्षेप आहे तो दाव्यापासून वापरापर्यंतच्या उडीला. चाचणी, पैदास, समुपदेशन हे सगळं पहिल्या पेपरवर उभं राहू नये.

म्हणून पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा वहीत हे चार प्रश्न लिहा:

१. संशयित कसा निवडला, आणि न तपासलेलं काय राहिलं?
२. कंट्रोल खरोखर त्याच समाजातले, त्याच जातीतले, त्याच वयाचे आहेत का?
३. बदल किती जणांकडे आणि आजार किती जणांना? दोन्ही आकडे एकमेकांत बसतात का?
४. या पेपरला नंतर कोणी आव्हान दिलं, आणि त्यातून काय उरलं?

चौथा प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित. गूगल स्कॉलरवर 'साइटेड बाय' दाबायला अर्धा मिनिट लागतो. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये "म्युर्स यांनी २००५ साली सिद्ध केलं" ऐवजी "म्युर्स यांनी २००५ साली एका वसाहतीत ए३१पीचा दावा केला, पुढच्या अभ्यासांत तो दोन प्रतींपुरता टिकला" असं लिहून बघा. वाक्य लांबतं खरं, पण व्हायव्हाला कोणी "कशावरून?" असं विचारलं, तर उत्तर त्या वाक्यातच असतं.

तुमच्या विषयातला असा एखादा गाजलेला पेपर घ्या, त्याला हे चार प्रश्न लावा आणि काय सापडलं ते जरूर कळवा.